मुंग्यावाल्याचं पिंपळपान

बोरिवलीच्या एका गृहस्थांकडे रबरी कळांचा एक काळा होम कॉम्प्युटर आहे. मूळ खोक्यासकट. आतला थर्मोकोलसुद्धा अजून पांढरा आहे. ही यंत्रं एके काळी घरच्या टीव्हीला जोडायची असत आणि त्यांचे प्रोग्राम गाण्याच्या साध्या कॅसेटवर ठेवायचे असत, हे आज सांगितलं तर लोक हसतात. आम्ही काही म्हातारे मात्र अजून त्यांच्या नादात आहोत. महिन्यातल्या एका रविवारी कधी अंधेरीला, कधी कांदिवलीला कुणाच्या तरी घरी जमतो, एकमेकांची यंत्रं उघडून बघतो, चहा पितो आणि आपापल्या घरी जळत जळत परततो. इतरांचं माहीत नाही; मी तरी जळत येतो.

त्या रविवारी बोरिवलीकरांनी खोक्याचं झाकण उचललं आणि आतून नव्या प्लास्टिकचा वास आला. इतक्या वर्षांनी! मी वाकून तो वास घेतला. माझ्याकडे तीन यंत्रं आहेत, मुलुंडच्या घरात, काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत. एकालाही खोकं नाही. एकाची लांब कळ हरवली आहे, तिथे मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला आहे.

घरी आल्यावर बायकोने ताट वाढलं आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "आज कुणाचं काय बघून आलात?"

"काही नाही. खोकं."

"रिकामं?"

"हो."

तिने आमटी वाढली फक्त.

त्याच आठवड्यात घाटकोपरहून शोभावहिनींचा फोन आला. शोभावहिनी म्हणजे माझा मित्र विश्वास याची बायको. विश्वास जाऊन काही वर्षं झाली.

"भाऊजी, बिल्डिंग पाडायला घेतायत. मी माळा रिकामा करतेय. ह्यांचं ते काळं यंत्र निघालंय आणि टेपरेकॉर्डर. भंगारवाला दारात उभा आहे. त्याला देऊ, की तुम्ही येताय?"

"भंगारवाल्याला थांबवा. मी निघालो."

"त्याला कशाला थांबवू? त्याला घालवते. तुम्ही या."

रिक्षात बसलो. मनात आलं, विश्वासचं यंत्र शेवटी माझ्याकडे येतंय. मित्राच्या बायकोचा फोन ठेवल्यावर माणसाच्या मनात पहिली गोष्ट ही यावी! पण खरं तेच लिहायचं म्हणून आज बसलो आहे.

लिहायला बसण्याचं कारण एक शब्द आहे. मुंग्यावाला. घाटकोपरच्या त्या वसाहतीत विश्वासला मरेपर्यंत हेच नाव होतं. त्याला शेवटचं घेऊन निघाले तेव्हा जिन्यात कुणीतरी हळहळून म्हणालं, "आपला मुंग्यावाला गेला रे." चेष्टेने नव्हे, मायेनेच म्हणालं. पण मी खाली मान घालून जिना उतरलो. कारण ते नाव त्याचं नव्हतं.

विक्रोळीच्या एका कारखान्यात आम्ही दोघे ड्राफ्ट्समन होतो, शेजारी शेजारी टेबलं. त्याचे वडील जालन्याकडून आले होते. माझी दुसरी पिढी मुलुंडची. शनिवारी अर्धा दिवस सुटी झाली की मी त्याच्याबरोबर घाटकोपरला उतरायचो. त्याचा मामेभाऊ जहाजावर होता. त्याने कुठल्याशा बंदरातून हे यंत्र आणून दिलं होतं. शाळेच्या पाटीएवढं, काळं, बोटाखाली खोडरबरासारख्या लागणाऱ्या कळा. ते लाकडी शटरच्या टीव्हीला जोडलं की आधी पडद्यावर मुंग्या यायच्या, करड्या, वळवळणाऱ्या. विश्वास टीव्हीचं बटण केसभर फिरवायचा आणि मुंग्या निवून पडदा दुधासारखा व्हायचा. तो क्षण मला इतका आवडायचा की मी श्वास धरून बसायचो. आणि दर वेळी ते बटण त्याच्या बोटांत असायचं.

मग कॅसेट. टेपरेकॉर्डरमधून आधी लांब सरळ शिट्टी, आणि मग किरकिर, जणू गरम तव्यावर कुणी पत्रा ओढतंय. पडद्याच्या कडेने रंगीत पट्टे पळायचे. शेजारच्या बाई दारात येऊन म्हणायच्या, "विश्वास, मांजर कोंडलंयस का रे घरात?"

"मांजर नाय काकू, प्रोग्राम चढतोय."

"मग उतरव त्याला लवकर. माझं डोकं चढलंय."

खोलीत तापलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वास, त्यावर साचलेल्या धुळीचा वास, स्टोव्हवर शोभावहिनींनी टाकलेल्या लसणाचा वास. आजही गॅलरीत एखादं यंत्र तासभर चालू राहिलं की मला भूक लागते, ती त्या लसणाची.

ह्या कॅसेटची एक खोड होती. टेपरेकॉर्डरच्या आत जे हेड असतं, टेप ज्याला घासून जाते, ते एका बारक्या स्क्रूवर तोललेलं असतं. तो स्क्रू जरा हलला की हेड तिरकं होतं. गाणं वाजतं, जरा बसक्या आवाजात, पण वाजतं. प्रोग्राम मात्र चढत नाही. कॉम्प्युटर गाण्याइतका दिलदार नसतो. म्हणून ज्याला त्यातलं कळायचं तो, स्क्रू एकदा बरोबर बसला की, त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा. थेंब सुकला की स्क्रू जागचा हलत नाही. विश्वासने वहिनींचं लाल नेलपॉलिश वापरलं होतं. काडीने थेंब टाकताना तो मला म्हणाला होता, "बघ रे मुलुंड, आता हा विषय संपला. काय बिघडलं तरी इथे बघायचं नाय." तो मला नावाने हाक मारायचा नाही. मुलुंडच म्हणायचा.

मला त्याचं सगळं हवं होतं. यंत्र हवं होतं हे तर आलंच. पण त्याची बोटं हवी होती, ज्यांना न बघता कळ सापडायची. कारखान्यात साहेब काही अडलं की आमच्या दोन टेबलांपाशी येऊन त्याच्याकडे वळायचे, ते वळणं हवं होतं. गणपतीत आमच्या सोसायटीसाठी मी त्याच्याच यंत्रावर, त्याच्याच शेजारी बसून, गणपती काढायचा प्रोग्राम केला. सोंड आणि दात एकमेकांत गेले. "हत्ती दातदुखीने बेजार झालाय," विश्वास म्हणाला आणि हसला. मीही हसलो. पण घरी जाईपर्यंत ते हसू माझ्या तोंडात लिंबाच्या बीसारखं कडू होऊन राहिलं.

आणखी एक सांगायला हवं. मी तेव्हा जात मानत नाही असं म्हणायचो, त्याच्या घरी जेवायचो, आणि आपण जेवतो ह्याचा मला आतल्या आत केवढा तरी अभिमान होता. ह्याच्याकडे आधी आणि माझ्याकडे नाही, हे जे मला बोचायचं, त्यात तो अभिमान किती मिसळला होता, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही. दुधातलं पाणी हाताने काढता येत नाही.

मग त्याने पिंपळपान केलं. बुद्धपौर्णिमेला वसाहतीच्या विहारात दाखवायला. आम्ही सगळे चित्र काढताना आधी कड काढायचो आणि मग आत भरायचो. त्याने उलटं केलं. आधी देठापासून मधली शीर वर चढायची, मग तिला दोन्ही बाजूंनी बारीक शिरा फुटायच्या, शिरांच्या टोकांना जाळी यायची, आणि जाळी जिथे संपेल तिथे पानाची कड आपोआप उमटायची. सगळ्यात शेवटी ते लांब निमुळतं टोक. ओबडधोबड चौकोनांचा तो पडदा, पण त्यावर पान उगवल्यासारखं यायचं. मी बघतच राहिलो.

"झकास," मी म्हणालो. मला म्हणावंच लागलं.

"अजून आहे पुढे," तो म्हणाला आणि यंत्र बंद केलं.

"दाखव ना."

"नाय. पौर्णिमेला सगळ्यांबरोबर बघ."

"मलापण नाही?"

"तुलापण नाय, मुलुंड."

तो गमतीत म्हणाला. मला मात्र वाटलं, ज्या घरात मी इतके शनिवार काढले त्या घराचं एक दार माझ्या तोंडावर लागलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारात पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मेणबत्त्यांचा आणि मोगऱ्याचा वास. बाहेर विटांच्या चुलीवर खिरीचं मोठं पातेलं, वहिनी तिथे उभ्या, पदर खोचलेला. विश्वास आणि त्याचा भाऊ टीव्ही उचलून पुढे गेले. टेपरेकॉर्डर माझ्याकडे दिला होता. जिन्याच्या वळणावर मी एकटा होतो. ड्राफ्ट्समनच्या खिशात बारका स्क्रूड्रायव्हर असतोच. मी कॅसेटचं दार उघडलं, नखाने लाल थेंब खरवडला आणि स्क्रू जरासा फिरवला. जरासाच. एवढंसं काही केल्याने काय होतंय, असं मनाला सांगण्याइतका.

वंदना झाली. गायकवाड तेव्हा मंडळाचा माइक सांभाळायचे. त्यांनी जाहीर केलं, "आता आपला विश्वास आपल्याला कॉम्प्युटर दाखवणार आहे!" टाळ्या पडल्या. लहान पोरं पुढे सरकून बसली. शिट्टी वाजली, पट्टे पळाले आणि सगळं थांबलं. विश्वासने टेप मागे घेतली, आवाज कमी केला, वाढवला, यंत्र बंद करून चालू केलं. यंत्र बंद झालं की दर वेळी पडद्यावर मुंग्या. लोकांना दिसल्या त्या मुंग्याच. त्याने वायर बघितली, प्लग बघितला, टेपरेकॉर्डरचं सगळं काही बघितलं, पण स्क्रूकडे बघितलं नाही. तो विषय त्याच्या लेखी संपला होता. त्या थेंबावर त्याचा विश्वास होता.

शेवटी गायकवाड माइकवर म्हणाले, "अरे विश्वास, ह्या मुंग्या तर अँटेना पडला की माझ्या घरी पण दिसतात! त्याला जहाजावरून यंत्र कशाला आणायला पाहिजे?"

विहार हसून हसून लोळला. विश्वासही हसला. वाकून वायर गुंडाळायला लागला. त्याची मान मला अजून दिसते, कानापर्यंत लाल झालेली. मी त्याच्या शेजारी उभा होतो, आणि मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

त्या दिवसापासून तो मुंग्यावाला. दुकानात मुंग्यावाला, लग्नपत्रिका वाटताना मुंग्यावाला. शनिवार चालूच राहिले. त्याने नवे प्रोग्राम केले, मीही केले. पिंपळपान मात्र त्याने पुन्हा लावलं नाही, आणि "लाव" असं मी म्हटलं नाही.

फोन आला त्या दिवशी ते यंत्र आणि टेपरेकॉर्डर मी मुलुंडला आणले; सोबत पिंपळपानाची कॅसेटही होती. टेपरेकॉर्डरचं रबर विरघळून डांबरासारखं झालं होतं. ते पुसलं, नवं घातलं. मग भिंग लावून हेडकडे बघितलं. स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब होता. गुलाबी.

मी भिंग पुसून पुन्हा बघितलं. गुलाबी थेंबाच्या कडेने, खाली, माझ्या नखातून सुटलेला जुना लाल चट्टा.

गॅलरीत ऊन आलं होतं. मी भिंग हातात धरून बसून राहिलो. म्हणजे त्याला कळलं होतं. त्याने स्क्रू पुन्हा जागेवर आणला होता, बहुधा कान लावून, आवाज धारदार होईपर्यंत. आणि नवं सील लावून शनिवारी माझ्यासाठी दार उघडलं होतं. "ये रे मुलुंड."

आणि खोटं कशाला सांगू, अपराधी वाटण्याच्याही आधी मला त्याचा हेवा वाटला. हे मला कधी जमलं नसतं.

वहिनींना फोन करून मी विचारलं, "पान बघायचंय का?"

"बघायचंय म्हणजे काय! रविवारी या. पान बघायचं तर खीर पाहिजे. मी दूध आणून ठेवते."

रविवारी माझा जुना छोटा टीव्ही घेऊन गेलो. वसाहत अर्धी रिकामी झाली होती, खिडक्यांच्या चौकटी काढून नेलेल्या. वहिनींच्या घरात फक्त गॅस, चटई आणि बांधलेली गाठोडी. मी वायरी जोडल्या. कॅसेट हातात घेतली आणि घालता येईना.

"वहिनी, त्या पौर्णिमेला यंत्र बिघडलं नव्हतं. स्क्रू मी..."

"गुलाबी माझंच आहे," त्या म्हणाल्या. खीर ढवळत होत्या, वळल्याही नाहीत. "दुसऱ्या दिवशी ह्यांनी नेलपॉलिश मागितलं. मी म्हटलं, लाल संपलं, गुलाबी आहे. तर म्हणाले गुलाबी दे, स्क्रू हलवलाय कुणीतरी. मी विचारलं, कुणी? तर म्हणाले, ज्याला स्क्रू कुठे असतो ते ठाऊक आहे त्याने."

मी कॅसेट हातातल्या हातात फिरवत राहिलो.

"मी म्हटलं, मग शनिवारी आल्यावर विचारा ना त्यांना. तर म्हणाले, विचारलं की त्याचं येणं बंद होईल. मग मी बोलू कुणाशी? ह्या वस्तीत दुसऱ्या कुणाला कळतं त्यातलं?"

पातेल्यात डाव फिरत राहिला.

"मला राग होता भाऊजी. दर पौर्णिमेला तुम्हाला खीर वाढताना वाटायचं, पातेलंच ओतावं तुमच्या डोक्यावर. पण ह्यांनी शपथ घातलेली. आता कोण आहे शपथ घालणारं?"

त्यांनी गॅस बंद केला आणि गॅलरीत जाऊन हाक मारली, "गायकवाड मामा! संगीता! या सगळी. ह्यांचं पान बघायला या."

जी चार-सहा माणसं वसाहतीत उरली होती ती आली. गायकवाड मामा आता काठी घेऊन चालतात. चटईवर बसता येईना म्हणून गाठोड्यावर बसले. "काय, मुंग्या दाखवताय का?" ते म्हणाले. सगळे हसले.

मी कळ दाबली. शिट्टी आली, लांब, सरळ. मग ती किरकिर. पट्टे पळाले. माझा जीव कानात आला होता. आणि किरकिर थांबून पडदा पांढरा झाला, देठ उमटला, त्यातून शीर वर चढली. शिरांना शिरा फुटल्या. कड आली. टोक आलं.

मी यंत्राकडे हात नेला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "अजून आहे."

पान हललं.

मला वाटलं, टेप खराब झाली. पण ते पुन्हा हललं. देठाशी स्थिर, टोकाशी थरथरतं, जसं वारा नसतानाही पिंपळाचं पान थरथरतं, एकटंच. थांबलं. मग पुन्हा.

"मला एकटीला दाखवलं होतं," वहिनी हळू म्हणाल्या. "एका दुपारी, दार लावून."

मी त्या थरथरण्याकडे बघत होतो आणि माझ्या ह्या वयात, त्याच्या घरात, त्याच्या बायकोसमोर माझ्या मनात आलं: हे मला का सुचलं नाही?

"अरे, हे तर चालतंय," गायकवाड मामा म्हणाले. काठीवर हनुवटी टेकून ते पडद्याकडे बघत राहिले. "मग तेव्हा काय झालं होतं?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्या सांगणार नव्हत्या.

"तेव्हाही चाललं असतं, मामा," मी म्हणालो. "टेपरेकॉर्डरचा स्क्रू मी फिरवला होता. जिन्यात. मुद्दाम."

"का?"

"जळत होतो त्याच्यावर."

मामांनी काठीचं टोक उचलून माझ्या गुडघ्याला लावलं.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही भलत्याच माणसाला हाक मारली," ते म्हणाले. "मुंग्यावाला तर तू."

कुणी हसलं नाही. वहिनींनी वाट्या मांडल्या, खीर वाढली. पहिली वाटी टीव्हीपुढे ठेवली, दुसरी माझ्यापुढे. मामा खीर संपवून वाटी खाली ठेवत म्हणाले, "ए मुंग्यावाल्या, परत लाव ते. पान हलतं तिथे मला नीट दिसलं नाही."

विश्वासचं जे जे मला हवं होतं, त्यातलं एवढं एकच आजवर माझ्या नावावर झालं. मी कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा कळ दाबली.